औषध चढण्याआधीचं रक्त

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'ताप सहावा'.
म्हणजे तापाचा सहावा दिवस.
लाखांदूरच्या ग्रामीण रुग्णालयात
घाईच्या वेळी अर्धी वाक्यं गळून पडतात.

समीक्षा नान्हे, वय चार.
डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ उललेले.
मॅडम म्हणाल्या, जीभ बघा, स्ट्रॉबेरी.
आमच्या बाजारात स्ट्रॉबेरी येत नाही.
गिरजाबाई, तिची आई, म्हणाली,
"काल रातीपासून अशीच हाये जी, बोरावानी."
बोर तर बोर.

शीर सापडेना.
सतरा वर्षं लेकरांच्या शिरा शोधतोय,
तरी प्रत्येक मनगट नव्यानं अनोळखी.
जांभळ्या बुचाची नळी भरली, लाल बुचाची भरली,
तिसरीपाशी थांबलो.

तिसरी मेडिकल कॉलेजच्या अभ्यासाची.
कोणत्या लेकराला पहिलीच बाटली लागू पडेल,
कोणाच्या धमन्या तरीही सुजत राहतील,
हे रक्त आधीच सांगतं का, ते शोधतायत.
म्हणून औषध चढण्याआधीचंच रक्त हवं.
नंतरचं चालत नाही.
नंतर काय, सगळेच शहाणे.

संमतीपत्र तीन पानी. वाचून दाखवलं.
'सहभागी बालकास प्रत्यक्ष लाभ होईलच असे नाही'
या ओळीवर माझा आवाज बसतो. दरवेळी बसतो.

देवचंद नान्हे तलावाचा माणूस,
खांद्यावर जाळ्याच्या दोरीचा वळ.
"मंग आमच्या पोरीले काय भेटन?"
काही नाही, भाऊ.
"आन् कोनाले भेटन?"
पुढच्या कोणाला तरी. कदाचित.
त्यानं पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.
"पान्याचा रंग पाहून आमी सांगतो
मासोया वर येतीन का नाई.
धा खेपीले तीनदा चुकतो.
तुमचं किती चुकते?"
मला आकडा माहीत नव्हता. मॅडमनाही.
अंगठ्यासाठी शाईची डबी सरकवली मी,
त्यानं ती बाजूला केली, पेन मागितलं.

दोन मिली. चहाचा चमचा अर्धाही भरत नाही.

मग काचपट्टी. शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या,
बोटाखाली टिक, टिक.
न्यूट्रोफिल सत्त्याऐंशी.
ईएसआरची नळी उभी केली. तिला तास लागतो,
घाई चालत नाही तिच्यापुढे,
लाल हळूहळू खाली बसतं, वर पिवळं पाणी उरतं.

तास भरायच्या आत गाडी आली.
गिरजाबाईच्या एका मांडीवर पोर,
दुसऱ्या मांडीवर बर्फाचा डबा.
मी म्हणालो, डबा आडवा होऊ देऊ नका.
पोरीबद्दल काही बोललोच नाही.
गाडी पवनीच्या पुढे गेली असेल, तेव्हा आठवलं.
नळीत लाल एकशे आठवर थांबलं होतं.

नागपूरला बारा तास औषध चढलं. ताप उतरला.
दीड दिवसानं परत आला.
दुसऱ्यांदा चढवलं, तेव्हा गेला.
"काळजाची एक नळी फुगली हाये म्हनते,"
देवचंद फोनवर. "पाहू म्हनते."
बोटांची साल निघत होती,
गिरजाबाई ती कागदात गोळा करून ठेवत होती,
कशाला, ते तिनं डॉक्टरलाही सांगितलं नाही.

अभ्यासाचा कागद सात महिन्यांनी आला.
नाव नव्हतं, क्रमांक होता: एल-एक्केचाळीस.
कुठल्याशा प्रथिनाचा आकडा, आणि पुढे
'पहिल्या मात्रेस प्रतिसाद न मिळण्याची शक्यता अधिक'.

मार्चमध्ये देवचंद आला, पोरीच्या इकोची चिठ्ठी घ्यायला.
पोरगी दारात, एका पायावर उड्या मारत.
नळी आता बरीच निवळली, म्हणाला.
मग खिडकीशी वाकून, हळूच,
"तुमचं ते, बरोबर निंगालं का?"
निघालं, मी म्हणालो. पण उशिरा.
त्यानं जरा हिशेब केला.

"मंग एक खेप धरा," म्हणाला.